मुलीला व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचंय? आधी वर्ष कसं जातं ते बघा

प्रश्न असा आहे: ‘माझी मुलगी १६ वर्षांची आहे. उंची ५ फूट ६ इंच, पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी, म्हणून खेळते. तिचे कोच म्हणतात, ही व्यावसायिक पातळीवर खेळू शकेल. हे करिअर असतं तरी कसं? किती वर्षं चालतं, त्यावर पोट भरतं का, आणि त्यासाठी शिक्षण बाजूला ठेवावं का?’

दादा, मी ९ हंगाम पैसे घेऊन खेळले. ६ क्लब, ४ देश. लहान लीगमध्ये ३५-३५ मिनिटं कोर्टवर असायचे. मोठ्या लीगमध्ये गेले की माझं काम एकच: बेंचवरून उठायचं, १० मिनिटं समोरच्या गार्डला चेंडू सुखाने पुढे आणू द्यायचा नाही आणि परत येऊन बसायचं. आता दुखापतीतून उठणाऱ्या मुलींना पुन्हा खेळायला उभं करते. त्यामुळे पोस्टरवरच्या खेळाडूंपेक्षा पोस्टरवर कधीच न येणाऱ्यांचं आयुष्य मला जास्त ठाऊक आहे, आणि तुमची मुलगी व्यावसायिक झालीच तर बहुधा त्यांच्यातलीच एक असेल. नाउमेद करायला हे लिहीत नाही. त्यांच्यातही दहा-बारा वर्षं नीट खेळून, चार पैसे गाठीला बांधून, धड गुडघ्यांनी घरी गेलेल्या पुष्कळ आहेत.

पालक भेटले की उंची विचारतात, पगार विचारतात. वर्ष कसं जातं हे कुणी विचारत नाही. या पेशात खरी टंचाई आहे ती विश्रांतीची, आणि निम्म्याहून अधिक भानगडी तिथूनच सुरू होतात. त्या कशा, ते ओघात येईल. आधी जागांचा हिशेब बघू.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते ती अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए. पहिला सामना २१ जून १९९७ ला झाला, तेव्हा ८ संघ होते. २०२४ मध्ये १२ संघ होते आणि प्रत्येकी जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे कागदावर १४४ जागा. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा होती, २०२४ मध्ये साधारण १४ लाख ६३ हजार डॉलर. दोन-तीन मोठे पगार बसवले की बाराव्या खेळाडूला पैसे उरत नाहीत, म्हणून कित्येक संघ ११ जणींवरच भागवायचे. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, ३६ जणी निवडल्या गेल्या. टीव्हीवर नाव पुकारलं गेलं, फोटो निघाले, आणि तीन-चार आठवड्यांत सराव शिबिरातून त्यातल्या बऱ्याच जणी घरी परतल्या. ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे, नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आहे.

क्रिस्टल डेंजरफिल्डचं उदाहरण तुमच्या मुलीच्या कामाचं आहे, कारण तीही गार्ड आणि उंची ५ फूट ५ इंच. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिचा नंबर सोळावा. मिनेसोटा लिंक्सकडून खेळली आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. दोन वर्षांनी, २०२२ चा हंगाम तोंडावर आलेला असताना, त्याच संघाने तिला वगळलं. ती संपली नाही, दुसऱ्या संघांकडून खेळलीच. सांगायचा मुद्दा असा की उंची कमी म्हणून दार बंद होत नाही, आणि बक्षीस मिळालं म्हणून उघडंही राहत नाही.

बाकी जग मोठं आहे. तुर्कस्तान, स्पेन, फ्रान्स, इटली, पोलंड, हंगेरी, चीन, जपान, कोरिया. ऑस्ट्रेलियातली लीग तर १९८१ पासून चालू आहे, डब्ल्यूएनबीएपेक्षा १६ वर्षांनी थोरली. युरोपातले चांगले क्लब देशांतर्गत लीग आणि युरोपभरच्या क्लबांची युरोलीग अशा दोन्ही स्पर्धा खेळतात: आठवड्यात मध्येच एक सामना दुसऱ्या देशात, शनिवार-रविवारी एक घरच्या लीगचा. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बहुतेक लीगमध्ये मर्यादा असते. म्हणून परदेशी म्हणून गेलेल्या मुलीकडून क्लबची अपेक्षा सरळ असते: गुण कर, नाहीतर तिकीट काढून देतो. स्थानिक मुलगी तीन सामने वाईट खेळली तर तिचा फॉर्म गेलेला असतो. परदेशी मुलगी तीन सामने वाईट खेळली तर एजंटचा फोन येतो.

आता पैसे, आणि त्यातूनच विश्रांतीचा विषय.

डब्ल्यूएनबीएचा २०२० चा करार त्या वेळी मोठा समजला गेला. सर्वोच्च पगार १,१७,५०० डॉलरवरून २,१५,००० वर गेला. तरी २०२४ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड केटलिन क्लार्क, जिच्यासाठी स्टेडियमं भरत होती, तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार होता ७६,५३५ डॉलर. जाहिरातींतून ती कितीतरी पट कमावते हे खरं, पण जाहिरात मूठभर जणींच्या वाट्याला येते. खेळाडूंच्या संघटनेने तो करार मुदतीआधी सोडायचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला, आणि २०२६ पासून लागू होणारा प्रक्षेपणाचा करार ११ वर्षांसाठी सुमारे २२० कोटी डॉलरचा आहे. वर दिलेले पगार आधीच्या काळाचे आहेत. पण आज तिशी ओलांडलेल्या सगळ्या खेळाडूंची शरीरं त्याच पगारांवर घडली किंवा झिजली, म्हणून ते माहीत हवेत.

त्या काळात उन्हाळ्यात अमेरिकेत पगार कमी असायचा, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हंगाम संपला की बॅग भरून युरोप किंवा चीन गाठायचं, एप्रिल-मेपर्यंत तिथे खेळायचं आणि थेट अमेरिकेच्या सराव शिबिरात उतरायचं. मध्ये ऑलिंपिक किंवा वर्ल्ड कप आला तर तोही. वर्षाचे बारा महिने आणि सुट्टी म्हणाल तर मोजून दोन-तीन आठवडे. पुरुषांच्या खेळात हे कुणी मोठ्या खेळाडूकडून मागत नाही.

डायना टोरासीची गोष्ट मला यासाठी फार बोलकी वाटते. २०१५ मध्ये ती डब्ल्यूएनबीए खेळलीच नाही. तिच्या रशियन क्लबने, यूएमएमसी येकातेरिनबर्गने, तिला उन्हाळ्यात घरी बसून विश्रांती घे म्हणून पैसे दिले. अमेरिकेत तिला वर्षाला एक लाख सात हजारांच्या आसपास डॉलर मिळत होते. रशियात, तेव्हाच्या बातम्यांनुसार, सुमारे १५ लाख. म्हणजे त्या वेळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकीला आपल्याच देशातल्या लीगपेक्षा न खेळण्याचे पैसे जास्त मिळाले. ती पुढे ४२ व्या वर्षापर्यंत खेळली. डब्ल्यूएनबीएचे २० हंगाम, १०,६४६ गुण, ऑलिंपिकची ६ सुवर्णं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्ती. तो एक उन्हाळा तिच्या पायांना किती पुरला असेल याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही, पण माझ्या टेबलावर येणारे घोटे आणि टाचा बघून मला अंदाज आहे.

उलट उदाहरण ब्रियाना स्टुअर्टचं. २०१८ मध्ये डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू, संघ विजेता, लगेच वर्ल्ड कप, तिथेही सुवर्ण, मग रशियातला क्लब. १४ एप्रिल २०१९, हंगेरीतलं शोप्रोन, युरोलीगचा अंतिम सामना. उडी मारून शॉट घेतला, उतरली आणि टाचेमागचा अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा, तुटला. २०१९ चा अख्खा डब्ल्यूएनबीए हंगाम हातचा गेला. कुठल्याही एका उडीला दोष देता येत नाही. पण थकलेला स्नायू-कंडरा आणि ताजा स्नायू-कंडरा यांत फरक असतो, आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत दिसतो.

परदेशी जाण्याची दुसरी किंमत ब्रिटनी ग्रायनरने मोजली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती त्याच येकातेरिनबर्ग क्लबकडे परतत असताना मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरमध्ये सुटली. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. पण ती तिथे का जात होती, तर पैसे तिथे होते.

यावर दोन्हीकडून हालचाल झाली. डब्ल्यूएनबीएने नियम केला की अनुभवी खेळाडू परदेशातून उशिरा आली तर २०२३ मध्ये दंड आणि २०२४ पासून सगळ्या हंगामासाठी निलंबन. खेळाडूंनी स्वतःचा मार्ग काढला: स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर यांनी जानेवारी २०२५ मध्ये अनरायव्हल्ड ही तीन-विरुद्ध-तीनची लीग मायामीत सुरू केली. पहिल्या हंगामात ३६ खेळाडू, सगळे सामने एकाच ठिकाणी, हंगाम साधारण दोन महिन्यांचा, सरासरी पगार दोन लाख वीस हजार डॉलरच्या वर. पैशाइतकंच मला त्यात ‘एकाच ठिकाणी’ हे महत्त्वाचं वाटतं. रात्री सामना खेळून पहाटेचं विमान पकडायचं नाही, म्हणजे काय, हे गुडघ्यात बर्फ बांधून विमानात बसलेल्यालाच कळेल. डब्ल्यूएनबीएमध्येसुद्धा सगळ्या संघांना पूर्ण हंगामभर चार्टर विमानं मिळाली ती २०२४ पासून. तोवर सव्वासहा फुटांच्या बायका साध्या विमानाच्या मधल्या सीटवर दुमडून बसायच्या.

आता शरीर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण १६ व्या वर्षी तुमच्या हातात असलेली गोष्ट हीच.

उड्या आणि झटकन वळण घेण्याच्या खेळांत मुलींचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला हाडं जोडून ठेवणारा पुढचा तिरका लिगामेंट, फाटण्याचा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त असतो. बहुतेक वेळा कुणी धक्का दिलेला नसतो. मुलगी एकटीच उतरते, किंवा धावता धावता थांबून वळते, आणि ‘फट्’ आवाज येतो. मी नवीन मुलगी आली की पहिली दहा मिनिटं तिला चेंडूच देत नाही. साधारण एक फूट उंचीच्या खोक्यावर उभं करते, खाली उतरून लगेच वर उडी मारायला सांगते, आणि मोबाइल समोर, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चित्रीकरण करते. मग दोघी मिळून सावकाश बघतो. पाय जमिनीला टेकल्याच्या क्षणी गुडघे पावलांच्या रेषेत राहिले तर ठीक. एकमेकांकडे आत झुकले, जणू दोन गुडघे कानगोष्ट करताहेत, तर काम आहे. पाय ताठ ठेवून धप्पकन उतरली तरी काम आहे. चांगलं उतरणं ऐकूच येत नाही. मुलीला शब्दांत सांगून पटत नाही, स्वतःचे गुडघे पडद्यावर बघितले की पटतं.

यावर उपाय महागडा नाही. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद, एका पायावरचा तोल, उतरण्याचा आणि थांबण्याचा सराव, असा १५-२० मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून तीन-चारदा, वर्षभर. त्याने धोका खरोखर कमी होतो. आणि फाटलाच तर शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत सामना नाही. कोच विचारतील, मुलगी स्वतः रडेल, तरी नाही. लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

एक गोष्ट वडिलांशी बोलायला मुली लाजतात, म्हणून मीच लिहिते. पाळी तीन महिने आली नाही तर ‘सराव जास्त होतोय, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा अर्थ असा की जेवढी ऊर्जा खर्च होतेय तेवढी पोटात जात नाहीये. त्याने हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात आणि खेळही उतरतो. तिला खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे न्या. वजन कमी कर म्हणणारा कोच असेल तर त्याच्याशी तुम्ही बोला.

आई होण्याबद्दल थोडक्यात. डब्ल्यूएनबीएने करारबद्ध केलेली पहिली खेळाडू शेरिल स्वूप्स १९९७ मध्ये पहिल्या हंगामाच्या सुरुवातीलाच बाळंत झाली आणि साधारण सहा आठवड्यांत कोर्टवर आली. त्या काळी त्याचं फार कौतुक झालं. मला आज वाचताना अंगावर काटा येतो. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार हा हक्क त्या लीगमध्ये २०२० च्या करारात आला. युरोपात किंवा आशियात क्लबनुसार, करारानुसार सगळं बदलतं. म्हणूनच पुढचा विषय कागदांचा.

माझ्या तिसऱ्या हंगामात, नाव घेत नाही, एका क्लबने जानेवारीपासून पगार थांबवला. करार १० हप्त्यांचा होता. अध्यक्ष दर आठवड्याला ड्रेसिंग रूममध्ये यायचे, खांद्यावर हात ठेवायचे, ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणायचे. आम्ही खेळत राहिलो. मे उजाडला तेव्हा पाच हप्ते थकले होते. घरी येऊन करार पहिल्यांदा नीट वाचला, आणि त्यात लवादाचं कलमच नव्हतं. जागतिक संघटना फिबाने २००७ मध्ये खेळाडू, एजंट आणि क्लब यांच्यातल्या पैशांच्या तंट्यांसाठी लवाद उभा केला आहे, सध्या त्याला बीएटी म्हणतात. त्याचा निकाल क्लबने पाळला नाही तर फिबा त्याच्यावर नवे परदेशी खेळाडू नोंदवायची बंदी घालू शकते, त्यामुळे पैसे निघतात. पण तुमच्या करारात त्या लवादाचा उल्लेख असेल तरच तिथे दाद मागता येते. माझ्यात नव्हता. स्थानिक कोर्टात दोन वर्षं गेली आणि अर्धे पैसे हातात आले. एजंटने कमिशन मात्र पहिल्या हप्त्यातूनच घेतलं होतं.

त्यानंतर मी प्रत्येक करारात चार गोष्टी आधी शोधायचे. लवादाचं कलम आहे का. पगार कर कापून हातात मिळणारा आहे की करासकट लिहिलाय. वैद्यकीय तपासणी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत उरकायची आणि ती पास झाल्यावर दुखापत झाली तरी पगार चालू राहील, असं स्पष्ट आहे का. आणि हप्ता ठरावीक दिवसांहून जास्त थकला तर खेळाडू करार सोडून जाऊ शकते का. घर, गाडी, विमानाची तिकिटं याबद्दल क्लब तोंडभरून बोलतात. तेही लिहून घ्या, पण त्यावर भाळू नका. एजंट फिबाचा परवानाधारक असावा. नसेल तर चहा पाजा आणि निरोप द्या.

किती वर्षं चालतं? टोरासी किंवा सू बर्ड बघून अंदाज बांधू नका. सू बर्ड २००२ पासून २०२२ पर्यंत एकाच संघाकडून खेळली, आणि त्यातही २०१३ आणि २०१९ चे हंगाम गुडघ्यापायी गेले. लॉरेन जॅक्सन, तीन वेळा डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू, गुडघ्यामुळे २०१६ मध्ये थांबली. मग ४१ व्या वर्षी परत आली आणि २०२२ मध्ये सिडनीला वर्ल्ड कपच्या कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाविरुद्ध ३० गुण केले. ही माणसं अपवाद आहेत. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी २७ ते ३२ च्या दरम्यान थांबल्या, आणि थांबण्याचं कारण क्वचितच ‘आता जमत नाही’ असं होतं. पुढच्या वर्षीचा करार जुलै संपला तरी आला नाही, इतकंच.

तुमच्या मुलीच्या खेळाबद्दल, न बघता जेवढं सांगता येईल तेवढं: ५ फूट ६ इंचाच्या गार्डला तीन गोष्टींचे पैसे मिळतात. ६.७५ मीटरच्या, म्हणजे तीन गुणांच्या, रेषेबाहेरून पास पकडल्या पकडल्या शॉट, दोन्ही हातांनी सारखा ड्रिबल, आणि पूर्ण कोर्टभर चेंडूवर बचाव. चौथी गोष्ट स्टँडमध्ये बसून दिसत नाही, ती म्हणजे बोलणं. मागून स्क्रीन, म्हणजे वाट अडवायला उभी राहणारी प्रतिस्पर्धी, येतोय हे सहकारी मुलीला वेळेत ओरडून सांगणारी गार्ड कुठल्याही कोचला हवी असते. तिला कोर्टवर गप्प राहायची सवय असेल तर आत्ताच मोडा.

शिक्षण सोडायचं का? नाही. अमेरिकन विद्यापीठाचा मार्ग डोक्यात असेल तर १६-१७ व्या वर्षी कुठल्याही क्लबच्या कागदावर सही करण्याआधी त्या विद्यापीठाच्या पात्रता तपासणाऱ्या विभागाला लेखी विचारा. एका सहीने तिथलं दार अडू शकतं. डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टसाठी अमेरिकेबाहेरच्या खेळाडूचं त्या वर्षात वय २० पूर्ण व्हावं लागतं, म्हणजे घाई करून तसंही काही मिळत नाही. मी पदवी सहा वर्षांत पूर्ण केली, बरीचशी क्लबच्या बसमध्ये, डोक्याला टॉर्च बांधून. शरीरशास्त्राचा पेपर होता तेव्हा शेजारी बसलेली आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी उंच मुलगी, झोपलेली असायची आणि तिच्या उघड्या गुडघ्यावर मी पेनाने लिगामेंटची नावं लिहायचे. जागी झाली की ओरडायची. तिचा उजवा एसीएल त्याआधीच दोनदा दुरुस्त झालेला होता, त्यामुळे नावं तिला माझ्याआधी पाठ होती.